राजीनामा खिशात, कॅमेरा गळ्यात : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

छायाचित्रणाविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन आम्ही केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच वळणाची निघाली: नोकरीत मन रमत नाही, कॅमेऱ्यात रमतं, मग हात कसा सुधारायचा आणि नोकरी सोडायची की नाही? अशी काही आणि थोडी वेगळी, मिळून सात पत्रं इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : विमा कंपनीच्या कार्यालयात काम करतो. सकाळी नऊला घर सोडतो, रात्री आठला परत येतो. तीन वर्षांपूर्वी क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स घेतली. सुरुवातीला फोटो झपाट्याने सुधारले, आता वर्षभर जिथल्या तिथे आहेत. कामात काडीचा रस नाही, पण फोटोग्राफी इतकी चांगलीही नाही की नोकरी सोडावी. फक्त रविवार आणि रात्रीचा एखादा तास मिळतो. काय करू? — वाचक, पुणे

आधी नवे फोटो काढणं आठवडाभर थांबवा. गेल्या सहा महिन्यांतले ३०० फोटो उघडा आणि फसलेल्या प्रत्येक फोटोपुढे कारण लिहा. 'नीट आला नाही' हे कारण नव्हे. फोटो १०० टक्के मोठा करून पाहा. सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल तर हात हलला आहे. मागची भिंत कडक आणि माणूस तेवढा पुसट असेल तर माणूस हलला, म्हणजे शटरचा वेग कमी पडला. डोळे पुसट पण कान किंवा कॉलर स्पष्ट असेल तर फोकस चुकला. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. बहुतेक जण मात्र तिन्हींना 'ब्लर' म्हणतात आणि त्यावर उपाय म्हणून महाग लेन्स घेतात. उजेड सपाट, पार्श्वभूमीत नको ती गर्दी, क्षण निसटलेला अशी कारणंही लिहा. तीनशे फोटोंची यादी झाली की दोनच चुका पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. पुढचे तीन महिने त्या दोनच चुकांवर काम करायचं.

हात हलण्याची मर्यादा स्वतःची स्वतः मोजा. क्रॉप बॉडीवर ५० मिमी लेन्सला १/८० सेकंद हा ढोबळ नियम आहे (फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा, गुणिले दीड, त्याचा व्यस्त). पण प्रत्येकाचा हात निराळा. कॅलेंडर भिंतीला लावा आणि १/१२५, १/६०, १/३०, १/१५ या प्रत्येक वेगाला दहा-दहा फोटो काढा. दहांपैकी किमान आठ फोटोंत तारखा स्पष्ट वाचता येतील तो तुमचा खालचा वेग. त्याच्या खाली जायची वेळ आली तर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढवा, संकोच करू नका.

रात्रीच्या तासाला उजेड शिका. खोलीतले सगळे दिवे बंद करून एकच ९ वॉटचा एलईडी बल्ब टेबललॅम्पमध्ये लावा आणि घरातल्या कुणाला तरी समोर बसवा. कुणी तयार नसेल तर नारळही चालेल. त्याचा गोलवा आणि शेंडी चेहऱ्याइतक्याच सावल्या देतात. बल्ब तीन फुटांवर ठेवून एक फोटो घ्या, मग सहा फुटांवर. अंतर दुप्पट झालं की उजेड जवळजवळ चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप घटतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). आता याच दोन फोटोंतली मागची भिंत पाहा. दिवा जवळ असताना भिंत काळोखात जाते, दूर असताना चेहऱ्याच्या जवळपास येते. पार्श्वभूमी काळी करायला काळं कापड लागत नाही, दिवा जवळ आणावा लागतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. पुढच्या रात्री बल्बपुढे फूटभर अंतरावर पांढरी ओढणी ताणून धरा. उजेडाचा उगम मोठा झाला की नाकाच्या सावलीची कड विरघळते. मग दिवा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वर आणि बाजूला ४५ अंशांवर न्या, आणि दुसऱ्या बाजूने पांढरा कार्डशीट धरा. एवढ्या चार गोष्टींवर माणसांच्या फोटोंचं बरंचसं काम उभं आहे. त्यांना स्टुडिओ लागत नाही.

रविवारी जागा बदलू नका. मंडई घ्या किंवा तुळशीबाग. लागोपाठ चार रविवार तिथेच जा, सकाळी दोन तास, तीच लेन्स, आणि ३६ फोटोंची मर्यादा. पहिल्या रविवारी सगळ्यांना सुचतात तेच फोटो येतात. दुसऱ्या खेपेला कंटाळा येतो. तिसऱ्या खेपेपासून ऊन कोणत्या झरोक्यातून कोणत्या गाळ्यावर किती वाजता उतरतं ते कळतं, आणि विक्रेतेही तुमच्याकडे बघायचं सोडून देतात. कॅमेरा एम म्हणजे मॅन्युअल मोडवर, आयएसओ ऑटोवर ठेवा. शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफ/ पुढचा आकडा लहान तितकं ते मोठं) तुम्ही ठरवा. पांढरी भिंत किंवा फुलांचे पांढरे ढीग चौकटीत असतील तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करायची सोय) +०.७ ते +१ द्या, कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर पांढऱ्यालाही करड्याकडे ओढतो.

निवड त्याच दिवशी करू नका. दोन-तीन दिवसांनी ३६ मधून तीन फोटो ठेवा आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहा: हा का ठेवला. महिन्याला एका फोटोची ८ बाय १२ इंची प्रत छापून घ्या. त्याला २४०० बाय ३६०० पिक्सेल पुरतात, तुमच्या कॅमेऱ्यात त्याहून कितीतरी जास्त आहेत. मोबाइलच्या पडद्यावर लपलेला फोकस आणि काळवंडलेल्या सावल्या कागदावर उघड्या पडतात. फोटो दुसऱ्याला दाखवताना 'कसा वाटला?' असं विचारू नका, उत्तर 'छान' येणार. 'आधी नजर कुठे गेली?' असं विचारा. तुम्हाला हवी होती तिथे गेली नसेल तर चूक कुठे आहे ते तिथेच कळतं.

नोकरी सोडण्याचा प्रश्न या टप्प्यावर मनातून काढून टाका. तुम्ही स्वतःच लिहिलं आहे की हात अजून तयार नाही. नोकरी असेपर्यंत फसलेल्या फोटोंची किंमत शून्य आहे. व्यवसायात तीच किंमत ग्राहकाचं लग्न असते.

प्रश्न : पतसंस्थेत लिपिक आहे. ओळखीच्यांची लग्नं करतो आणि पुढे हेच पूर्णवेळ करावं असं वाटतं. मंगल कार्यालयातले फोटो पिवळट येतात, काहींवर आडवे पट्टे येतात, आणि अंतरपाट दूर होतो त्या क्षणाचा फोटो नेमका पुसट. बाहेरचे फोटो मात्र सुंदर येतात. — वाचक, सांगली

बाहेरचे फोटो सुंदर येतात याचं श्रेय उजेडाला जातं. लग्नाचे पैसे मिळतात ते कार्यालयातल्या वाईट उजेडात काम करण्याचे, म्हणून हे नीट समजून घ्या.

पट्टे का येतात? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तन सामावतं. १/२५० ला आवर्तनाचा तुकडाच मिळतो, म्हणून एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्यावर पट्टा. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा आणि मेकॅनिकल वापरा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तो चालू ठेवा. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचा झगमगाट याहून कितीतरी वेगाने चालतो, तिथे १/१०० चाही भरवसा नाही. विधी सुरू होण्याआधी तिच्यासमोर दोन-चार वेग तपासून पाहा.

पिवळेपणा मिश्र उजेडातून येतो. छताला पिवळे दिवे, खिडकीतून दिवसाचा उजेड, व्हिडिओवाल्याचा पांढरा लाइट. एकच व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळणी) तिघांनाही लागू पडत नाही. फ्लॅश छतावर बाउन्स करा, म्हणजे छतावर मारून उजेड खाली परतवा, पण छत पांढरं आणि दहा-बारा फुटांपर्यंत असेल तरच. फ्लॅशवर नारिंगी जेलची (रंगीत पारदर्शक प्लास्टिकची) पट्टी लावली की त्याचा रंग पिवळ्या दिव्यांशी जुळतो आणि मग सगळं एका फटक्यात दुरुस्त होतं. रंगीत कापडाच्या मांडवात मात्र बाउन्स करू नका. लाल-पिवळा उजेड थेट चेहऱ्यावर उतरतो आणि संगणकावरही तो पुरता निघत नाही. रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) मध्येच काढा. जेपीजीत प्रत्येक रंगाला ८ बिट, रॉ मध्ये साधारण १४. पिवळट त्वचा सावरायला लागणारा ऐवज तिथेच असतो. आणि आयएसओ ३२०० ला घाबरू नका. दाणेदारपणा बहुतेक वेळा आयएसओ ८०० वर काळा काढून नंतर उजळवलेल्या फोटोंत दिसतो.

आता अंतरपाट. वधूवर समोरासमोर उभे असतात, म्हणून तुमची जागा बाजूला, दोघांच्या मधल्या रेषेशी काटकोनात. जागा भटजींशी आधी बोलून ठरवा. ऐनवेळी मामा आणि करवल्या ती अडवतात. तरीही दोघांचे चेहरे नेमके एका अंतरावर क्वचितच राहतात, म्हणून थोडीच खोली स्पष्ट ठेवणारं एफ/१.८ तिथे घातक आहे. एफ/४ ते एफ/५.६ ठेवा. फोटो पुसट येण्याचं मुख्य कारण अक्षता. कॅमेरा सतत फोकस शोधत असेल तर हवेतल्या तांदळांवर उडी मारतो. शेवटच्या मंगलाष्टकाला वधूच्या डोळ्यांवर फोकस घ्या आणि कुलूप लावा, बॅक-बटन फोकस (मागच्या बटणाने फोकस घेण्याची सोय) असेल तर बोट उचललं की झालं. मग 'शुभमंगल सावधान' पासून सलग फोटो घ्या. अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर शटर १/५०० च्या वर लागेल आणि तेवढा उजेड कार्यालयात क्वचितच असतो. १/१०० वर त्यांच्या रेषा उमटतात. आमच्या मते त्या रेषाच जास्त बोलतात.

लाजाहोमाला फ्लॅश बंद. समोरून आलेला उजेड धुराला लागतो आणि चेहऱ्यांपुढे पांढरा पडदा उभा राहतो. हळदीला उलट काळजी घ्यावी लागते: हळद माखलेल्या त्वचेवर लाल रंगाची पट्टी आधी जळते, म्हणजे तिच्यातला तपशील उडतो, आणि साधा हिस्टोग्राम (फोटोच्या उजळपणाचा आलेख) ते दाखवत नाही. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा आणि ०.३ ते ०.७ स्टॉप कमी ठेवा. हळदीत लेन्स बदलू नका; पूड सेन्सरवर गेली की संध्याकाळच्या प्रत्येक फोटोवर डाग.

कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी लिहा. नसेल तर पैसे घेऊन लग्न एकट्याने करू नका. हे कठोर वाटेल, पण कार्ड गेलं तर ते लग्न पुन्हा लागणार नाही. घरी आल्यावर झोपण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर प्रत घ्या आणि तिसरी घराबाहेर ठेवा. अल्बम हातात पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसू लागलं. नवीन लेन्स घ्यावी लागेल का? — वाचक, रत्नागिरी

ती बुरशी आहे. थोडी असेल तर फोटोत फारसा फरक पडत नाही. सूर्य समोर असताना तेवढा फोटो पांढुरका होतो. जाळं दाट असेल तर दुरुस्तीवाल्याकडून लेन्स उघडून साफ करता येते, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर ती खूण राहतेच. स्वतः उघडू नका.

यापुढे : कोकणात पावसाळाभर हवा दमट, आणि ६० टक्क्यांच्या वरच्या ओलाव्यात बुरशी फोफावते. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात अर्धा किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढ्यावर भागतं. काटा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका, वंगण आणि रबर सुकतं. नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं, ते स्वयंपाकघरात तापवणं योग्य नाही. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा. चामड्याची पिशवी आणि कपाटातला खालचा खण या दोन जागा बुरशीला सर्वांत आवडतात.

जुनी लेन्स विकत घेणाऱ्यांनीही हेच पाहावं: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून मोबाइलची बॅटरी मारा आणि तिरक्या कोनातून आत बघा.

प्रश्न : वय ३१. हातात ४२,००० रुपये येतात, बेसिक २४,००० आहे. कंपनीत ४ वर्षं ५ महिने झाले. गेल्या हंगामात लग्नाच्या ९ ऑर्डर केल्या, २,७०,००० रुपये मिळाले. त्यातले १,१५,००० सेकंड शूटर (जोडीचा फोटोग्राफर), अल्बम आणि प्रवासात गेले. एका ऑर्डरला साधारण दीड दिवस शूटिंग आणि चार दिवस एडिटिंग. महिन्याला ३०,००० घरखर्च आहे. पुढच्या महिन्यात राजीनामा देण्याच्या विचारात आहे. — वाचक, ठाणे

तुम्ही आकडे दिलेत म्हणून आकड्यांनीच उत्तर देतो.

२,७०,००० वजा १,१५,००० म्हणजे १,५५,०००. यातून कॅमेऱ्याची झीज काढायला हवी, आणि ती जवळजवळ सगळे विसरतात. मधल्या दर्जाच्या कॅमेऱ्याचं शटर दीड ते दोन लाख फोटोंसाठी धरलेलं असतं. एका लग्नात अडीच हजार फोटो धरले तर चाळीस लग्नांत एक लाख. म्हणजे पूर्णवेळ धंद्यात कॅमेरा दोन वर्षांचा सोबती. बॅटऱ्या, कार्डं, फ्लॅश, डिस्क धरून वर्षाला ३५,००० बाजूला काढा. उरले १,२०,०००. दिवस लागले ९ गुणिले साडेपाच, म्हणजे सुमारे ५०. दिवसाला २,४०० रुपये. नोकरीत महिन्याचे २२ दिवस धरले तर दिवसाला सुमारे १,९००. तेव्हा दिवसाचा भाव नोकरीपेक्षा बरा आहे. हात कमवायला लागला आहे, हे खरं.

पण वर्षाचा पगार भरून काढायला ५,०४,००० हवेत. २,४०० ने भागलं की २१० दिवस, म्हणजे ३८ ऑर्डर. आणि लग्नं वर्षभर नसतात. आषाढी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास जवळजवळ कोरडा, पौषात बरेच लोक लग्न ठेवत नाहीत. उरलेल्या सातेक महिन्यांत ३८ ऑर्डर घ्यायच्या तर एडिटिंगचे दिवस पुढच्या ऑर्डरवर चढत जातात. शिवाय चांगल्या मुहूर्ताला चौघांची मागणी एकाच दिवसाची असते. तुम्ही त्यातली एकच घेऊ शकता. आजच्या दराने आणि आजच्या एडिटिंगच्या वेगाने हे गणित बसत नाही. चार दिवसांचं एडिटिंग दोनवर आणलं तर एका ऑर्डरचे साडेतीन दिवस होतात आणि तेच पैसे दिवसाला साधारण ३,८०० पडतात. तेव्हा राजीनाम्याआधी एडिटिंग सुधारा. अडीच हजारांतून चारशे फोटो निवडायला एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागू नये. पहिल्या फेरीत फक्त 'हो' आणि 'नाही'. एका उजेडातले सगळे फोटो एकत्र करून एकावर केलेली दुरुस्ती बाकीच्यांवर उतरवा. एकेक फोटो सुटा रंगवत बसणं हाच चार दिवसांचा हिशेब असतो.

निर्णयाचा खरा आकडा तुमच्या पत्रात नाही. नोकरीमुळे किती ऑर्डर नाकाराव्या लागल्या? दहा-पंधरा नाकारल्या असतील तर नोकरी आड येते आहे. एक-दोनच असतील तर अडचण ग्राहकांची आहे, आणि राजीनामा दिल्याने ग्राहक वाढत नाहीत. आजपासून वहीत लिहा: कोणत्या तारखेची विचारणा आली, का घेता आली नाही, दर काय सांगितला. एक हंगाम ही वही भरा.

पुढच्या महिन्यात सोडायचं तर थेट नुकसानही आहे. सलग ५ वर्षांची सेवा पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते: बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. तुमच्या बेसिकवर ती ६९,००० च्या थोडी वर जाते, आणि त्यासाठी सातच महिने उरलेत. भविष्यनिर्वाह निधीही ५ वर्षांच्या आत काढला तर करपात्र होतो. तो काढूच नका, आपत्कालीन पैसा म्हणून त्याकडे पाहू नका. कंपनीचा गट आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि तो काळ पगार चालू असताना सरलेला बरा.

बाजूला किती हवेत? सहा महिन्यांचा खर्च हा सर्वसाधारण सल्ला तुम्हाला अपुरा आहे, कारण एकट्या चातुर्मासाचेच चार महिने. नऊ महिन्यांचे २,७०,००० धरा, आणि कॅमेऱ्याचे पैसे यात मिसळू नका. गृहकर्ज पगार चालू असताना सहज मिळतं; नंतर बँका दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात. तरी राजीनाम्याच्या तोंडावर नवा हप्ता अंगावर घेऊ नका, दरमहाची गरज वाढली की वाईट दराच्या ऑर्डर घ्याव्या लागतात.

व्यवसायाचं वेगळं बँक खातं आजच उघडा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. बुकिंगला निम्मे पैसे, लग्नाच्या दिवशी ४० टक्के, अल्बम देताना १० टक्के असं ठेवा. शेवटचा हप्ता मोठा ठेवला की अल्बम आणि पैसे दोन्ही महिनोन्‌महिने अडकतात.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रविवारी बाळांचे आणि बारशाचे फोटो पैसे घेऊन काढले तर चालेल का? — वाचक, बीड

परवानगीशिवाय नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांखाली पूर्वमंजुरीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही, आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांतही हे बंधन आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर पावत्या फाडण्याचा मार्ग सुचवणारे भेटतील. तो धरू नका, चौकशीत तो टिकत नाही. कलात्मक स्वरूपाच्या प्रासंगिक कामाबाबत लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्या. तोपर्यंत पैसे न घेता काढा, प्रदर्शनं-स्पर्धांना पाठवा आणि संग्रह जमवा. खासगी नोकरी करणाऱ्यांनीही नेमणूकपत्रातलं दुसऱ्या कामाविषयीचं कलम काढून वाचावं, ते बहुतेक ठिकाणी असतं.

प्रश्न : बँकेत अधिकारी आहे. पगार उत्तम, पण रोज संध्याकाळी वाटतं की दिवस वाया गेला. फोटो काढताना भान हरपतं. हेच माझं खरं काम आहे असं समजावं का? — वाचक, नागपूर

भान हरपणं मोलाचं आहे, पण निर्णयाला तेवढं पुरेसं नाही. आधी हे पाहा की बँकेत नक्की काय खुपतं. वरिष्ठ, बदल्या, वसुलीचा ताण की कामाचं स्वरूप? पहिल्या तीन गोष्टींवर बदली, दुसरा विभाग किंवा दुसरी बँक हा उपाय असू शकतो. कामाचं स्वरूपच नकोसं असेल तर पुढे वाचा.

फोटोग्राफीच्या धंद्यात कॅमेरा हातात असण्याचा वेळ थोडा असतो. वरच्या ठाण्याच्या पत्रातच पाहा, साडेपाच दिवसांपैकी दीड. बाकी निवड, रंग, फोन, दरावरून घासाघीस, थकलेले पैसे. शिवाय फोटो ग्राहकाला आवडेल तसा. तुमचं भान कशात हरपतं? रविवारी तलावावर पक्ष्यांची वाट बघण्यात असेल तर त्याचा धंद्याशी फार थोडा संबंध आहे.

हे घरबसल्या तपासता येतं. तुमच्या भागात मसाले, पापड, दागिने, हातमागाच्या साड्या विकणारे छोटे उद्योग असतील. त्यांना ऑनलाइन विक्रीसाठी फोटो लागतात आणि ते काम रविवारी होतं. बँकेचे नियम पाहून परवानगी घ्या, किंवा आधी मोफत करा पण मुदत आणि अटी खऱ्या ग्राहकासारख्या ठेवा. उत्तरेकडच्या खिडकीजवळ टेबल, मागे वळवलेला पांढरा कार्डशीट, समोरून दुसरा पांढरा कार्डशीट, ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८, दोन सेकंदांचा टायमर. दागिन्यांना एफ/११ ठेवा; एफ/१६ च्या पुढे गेलात तर विवर्तनामुळे (लहान भोकातून उजेड पसरल्यामुळे) धार मऊ पडते. सोन्यात खोलीतलं सगळं दिसतं, तुमचा शर्टसुद्धा, म्हणून भोवती पांढरे कागद उभे करा. एकसारखे पन्नास नग, एकाच उंचीवरून, एकाच पांढऱ्या रंगात काढा. चाळिसाव्या नगाला तुम्हाला काय वाटतं ते लिहून ठेवा. असं सहा महिने, दर महिन्याला एक काम. गोडी टिकली तर तुमचं म्हणणं खरं आहे.

आणि नोकरी करत राहणं म्हणजे कच खाणं, असं मनात आणू नका. एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ रुडकीला अभियांत्रिकी शिकून १८६६ च्या सुमारास इंदूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले. १८७४ च्या आसपास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं. त्यानंतरही सुमारे दशकभर ते नोकरीत होते. लांब रजा घेऊन त्यांनी आपलं काम उभं केलं आणि हैदराबादच्या निजामाचा आश्रय मिळू लागल्यावर नोकरी सोडली. १८९६ मध्ये मुंबईत त्यांचा स्टुडिओ निघाला. दीर्घ रजेचा मार्ग तुमच्या बँकेतही असेल. बिनपगारी रजेचे नियम मनुष्यबळ विभागाकडून लेखी मागवा, आणि रजा हंगामात घ्या, पावसाळ्यात नाही.

प्रश्न : एका लग्नाचे फोटो माझ्या पानावर टाकले. वधूकडच्यांनी ते हटवायला लावले. फोटो मी काढले, मग हक्क माझा नाही का? — वाचक, कोल्हापूर

बहुधा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. तुमच्या पत्रात लेखी कराराचा उल्लेख नाही, तेव्हा फोटो पानावरून हटवलेत ते योग्य केलंत. नव्या व्यवसायात संग्रह हाच ग्राहक आणतो, म्हणून बुकिंगच्या पावतीवरच दोन ओळी छापून घ्या: 'या समारंभाच्या छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, ग्राहकाला खासगी वापरासाठी ती विनाअट वापरता येतील. छायाचित्रकार स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून ती दाखवू शकेल / दाखवू शकणार नाही.' शेवटच्या दोन पर्यायांपैकी एक ग्राहकाने खोडायचा आणि खाली सही करायची. लहान मुलांच्या फोटोंसाठी आई-वडिलांची परवानगी वेगळी घ्या, या पावतीत ती धरू नका.